प्रवेशद्वार कसे वाचावे: फ्रीमेसनांचे दोन स्तंभ, ग्वाल्हेरच्या द्वारशाखा आणि आपले अंतर्मन

मंदिराच्या दाराचा अर्थ लावायला बसलेले बहुतेक जण मूर्ती ओळखण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. गंगा कोणती, यमुना कोणती, ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीच्या माथ्याच्या मध्यभागी, कोण बसले आहे, एवढे कळले की दार समजले असे त्यांना वाटते. फ्रीमेसनरीविषयी वाचणाऱ्यांचेही तसेच होते; दोन स्तंभांची नावे आणि त्यांचे अर्थ पाठ झाले की अभ्यास संपतो. माझ्या मते दार मुळात ओलांडण्यासाठी घडवलेले असते, म्हणून त्याचा अर्थही ओलांडण्याच्या क्रमानेच लावला पाहिजे. कुठे थांबावे लागते, बाहेर काय ठेवावे लागते, कोण अडवते, कुठे वाकावे लागते आणि उजेड कोणत्या बाजूने येतो, हे प्रश्न मनात ठेवून दारापुढे उभे राहिले की दगड आपोआप बोलू लागतो. ग्वाल्हेरात राहणाऱ्या किंवा येथे काही दिवसांसाठी येणाऱ्या मराठी वाचकाला हा अभ्यास प्रत्यक्ष कसा करता येईल, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी फ्रीमेसनांचे दार

फ्रीमेसनरी ही पाथरवटांची हत्यारे, त्यांचा चामड्याचा पोशाख आणि त्यांची परिभाषा रूपक म्हणून वापरणारी बंधुसंस्था आहे. परंपरेनुसार तिची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉज नावाच्या स्थानिक शाखांची मध्यवर्ती संस्था, लंडनमध्ये 1717 साली स्थापन झाली, अठराव्या शतकातच ती कोलकात्यात पोहोचली आणि भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज 24 नोव्हेंबर 1961 रोजी अस्तित्वात आली. ही संस्था स्वतःला धर्म म्हणवत नाही. मात्र सभासदाची परमेश्वरावर श्रद्धा असावी अशी तिची अट असते, आणि त्या परमेश्वराचा उल्लेख ती विश्वाचा महान शिल्पकार असा करते. भारतातील लॉजमध्ये सभासदांच्या धर्मानुसार एकाहून अधिक धर्मग्रंथ ठेवले जातात. आपल्या विषयापुरती एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

या संस्थेच्या प्रतीकांच्या केंद्रस्थानी जेरुसलेम येथील शलमोन राजाचे मंदिर आहे. त्या मंदिराच्या देवडीपुढे पितळेचे दोन स्तंभ उभे होते. बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकात प्रत्येक स्तंभाची उंची 18 हात, म्हणजे सुमारे 27 फूट, घेर 12 हात आणि वरच्या कळसाची उंची 5 हात दिली आहे. कळसांवर कमळासारख्या फुलांचे आणि डाळिंबांचे काम होते. डावा बोआझ आणि उजवा जाकिन. बोआझ म्हणजे 'त्याच्या ठायी सामर्थ्य आहे' आणि जाकिन म्हणजे 'तो स्थिर करील'. मेसॉनिक शिकवणीत ही दोन नावे एकत्र वाचली जातात, कारण सामर्थ्य आणि स्थापना मिळून स्थैर्य येते, आणि त्यांपैकी एकच असेल तर माणूस जोरकस होतो पण टिकत नाही, किंवा टिकतो पण त्याच्या हातून काही घडत नाही. स्तंभांवर पृथ्वी आणि आकाश यांचे गोल दाखवण्याची पद्धत मात्र मागाहून आली; बायबलमधील वर्णनात ते गोल नाहीत. चित्र पाहताना मूळ काय आणि नंतरची भर कोणती, हे असे वेगळे काढण्याची सवय सुरुवातीपासूनच लावून घ्यावी.

आता लॉजच्या दारातून आत जाणाऱ्या दीक्षार्थीकडे पाहावे. दाराबाहेर उपसलेली तलवार घेतलेला रक्षक उभा असतो, त्याला टायलर म्हणतात. दीक्षार्थीजवळचे पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतल्या जातात, डोळ्यांवर पट्टी बांधली जाते, गळ्यात दोर असतो, आणि दारावर ठोके देऊन आत येण्याची परवानगी मागितली जाते. हे तपशील इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच छापले गेले होते, त्यामुळे त्यांविषयी वाचण्याबोलण्यात कोणाचा विश्वासघात होत नाही. दीक्षार्थी रिकाम्या हाताने, आंधळा आणि परक्याच्या आधाराने आत येतो. ज्याच्याजवळ दाखवण्यासारखे काही उरलेले नाही, अशाच माणसाला ते दार उघडते.

आत गेल्यावर दिशांची मांडणी पाहावी. लॉजचा प्रमुख पूर्वेला बसतो, त्याचे दोन मुख्य सहकारी पश्चिमेला आणि दक्षिणेला बसतात. उत्तरेला या तिघांपैकी कोणाचेही आसन नसते आणि ती बाजू अंधाराची मानली जाते. दीक्षार्थीची वाटचाल पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे उजेडाच्या उगमाकडे होते. गंमत अशी की शलमोनाच्या मंदिराचे दार पूर्वेला होते आणि त्याचे परमपवित्र स्थान पश्चिमेला, म्हणजे लॉजने तीच रचना दिशा उलटवून घेतली आहे. याचे कारण मला सरळ वाटते: लॉजमध्ये मुख्य घटना माणसाला उजेड मिळणे ही आहे, आणि म्हणून उजेड त्याच्या समोर असायला हवा.

मग गडावर जावे

ग्वाल्हेरच्या गडावर उरवाई दरवाजाने गाडी घेऊन वर जाता येते. या अभ्यासासाठी तसे करू नये. पूर्वेच्या बाजूने, ग्वाल्हेर दरवाजाकडून पायी चढावे. हा दरवाजा औरंगजेबाच्या काळात 1660 साली बांधला गेला आणि त्याला आलमगिरी दरवाजा असेही म्हणतात. पुढे बादल, गणेश आणि लक्ष्मण असे दरवाजे लागतात. वाटेतच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. त्यातील 876 सालचा शिलालेख शून्याच्या अंकासाठी प्रसिद्ध आहे. शेवटी मानसिंह तोमराच्या महालाला लागून असलेला हाथी पौर येतो. हे दरवाजे लष्करी संरक्षणासाठी बांधलेले आहेत, त्यांत गूढार्थ शोधू नये. पण एकामागून एक दारे ओलांडत वर चढताना श्वास जसा बदलतो, तो अनुभव शरीराला मिळालेला असला की पुढची मंदिरे वेगळी दिसतात.

वर गेल्यावर तेली मंदिराशी भरपूर वेळ द्यावा. आठव्या-नवव्या शतकातील हे मंदिर पूर्वाभिमुख आहे, म्हणून शक्यतो सकाळी पोहोचावे. बाहेरच्या अंगणात एक नक्षीदार कमान दिसते, तिच्यापाशी सावध राहावे. 1881 साली इंग्रज अधिकाऱ्यांनी विखुरलेले जुने दगड जपण्यासाठी एकत्र रचून ती उभारली आहे. त्या कमानीवरील शिल्पांचा क्रम मूळ शिल्पकाराने ठरवलेला नाही, आणि म्हणून तिच्यावरून कोणताही सिद्धान्त मांडणे चुकीचे ठरेल. अनेक उत्साही लोक नेमके तिथेच मोठे अर्थ काढतात, म्हणून हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

मुख्य द्वारापाशी आल्यावर खालून वर पाहावे. चौकटीच्या पायथ्याशी नदीदेवता आहेत. त्या ओळखण्याची खूण वाहनात असते: गंगेच्या पायाखाली मकर, यमुनेच्या पायाखाली कासव. येथून बरेच दूर असलेल्या देवगडच्या गुप्तकालीन दशावतार मंदिरात याच दोन नद्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यांत आहेत. पुढच्या काळात त्या खाली उतरल्या आणि येणाऱ्या माणसाच्या उंचीला आल्या. दोन नद्यांच्या मधून जाणारा भाविक जणू स्नान करूनच आत जातो. एखाद्या देवीच्या अगदी जवळ उभे राहून तिच्या मुडपलेल्या गुडघ्याचा बाक, तिच्यामागील सेविका आणि झिजलेला चेहरा निरखावा. ही मूर्ती दुरून पाहण्यासाठी नव्हे, तर अंगाला घसटून जाण्यासाठी केलेली आहे, हे तेव्हा उमगते. तिच्यावर पानावेलींचे आणि मिथुनांचे, म्हणजे प्रेमी युगुलांचे, उभे पट्टे चढत जातात. त्यांनाच द्वारशाखा म्हणतात. एक पट्टा दुसऱ्याच्या आत, दुसरा तिसऱ्याच्या आत अशी चौकट अरुंद होत जाते आणि माथ्यावर गरुड येतो. बाहेरची वाढ, सृष्टी, प्रणय हे सर्व चौकटीवरच ठेवलेले आहे, आणि आतल्या भिंती त्या मानाने साध्या आहेत. संसाराला नाकारलेले नाही, त्याला दारापर्यंतची जागा दिलेली आहे.

सास-बहू मंदिरांपैकी मोठे मंदिर विष्णूचे असून कच्छपघात राजा महिपालाच्या काळात, 1093 साली, पूर्ण झाले असे तेथील शिलालेखावरून कळते. त्याच्या सभामंडपात तीन दिशांनी प्रवेश करता येतो आणि चौथी दिशा गाभाऱ्याकडे जाते. लॉजच्या तीन आसनांची आणि रिकाम्या उत्तरेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पण मंडपाच्या मध्यभागी थोडा वेळ उभे राहिले की साम्यापेक्षा फरक अधिक मोलाचा वाटू लागतो. लॉजमधील अंधारी बाजू अज्ञानाची खूण आहे, तर मंदिरातील अंधारी बाजू देवाची जागा आहे. फ्रीमेसन अंधारातून उजेडाकडे चालतो; आपला भाविक उन्हातून मंडपाच्या सावलीत आणि सावलीतून गाभाऱ्याच्या काळोखात जातो, आणि पूर्वाभिमुख देवळात उजेड त्याच्या पाठीमागून येऊन देवाच्या मुखावर पडतो. दीक्षार्थी डोळे बांधून आत येतो आणि आत त्याचे डोळे उघडले जातात. भाविक उघड्या डोळ्यांनी आत येतो आणि देवापुढे उभा राहून ते मिटतो. अंतर्मनाच्या अभ्यासासाठी या दोन्ही हालचाली लागतात, आणि त्या एकच आहेत असे मानले तर दोन्हींचे मोल कमी होते.

म्हणून या दोन परंपरांमध्ये ऐतिहासिक नाते जोडण्याच्या मागे लागू नये. कच्छपघातांच्या शिल्पकारांना लंडनचे मेसन ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि मेसनांनी आपले स्तंभ बायबलवरून घेतले. दोन्ही दारे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, एकमेकांत मिसळू नयेत.

शहरातले जिवंत दार

गडावरील मंदिरे पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत, तेथे नित्य पूजा चालत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी लष्कर या ग्वाल्हेर शहराच्या भागातील एखाद्या जुन्या देवळात जावे आणि कोपऱ्यात बसून लोक आत कसे येतात ते पाहावे. चपला बाहेर काढल्या जातात, पाय धुतले जातात, उंबऱ्यावर पाय न ठेवता त्याला हात लावून तो कपाळाला लावला जातो, घंटा वाजवली जाते. आजी ज्या वेळी नातवाला "उंबऱ्यावर उभा राहू नकोस" असे म्हणते, तेव्हा ती टायलरचेच काम करत असते. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या मोठ्या दाराला जिथे अजून दिंडी दरवाजा शिल्लक आहे, तिथे त्यातून एकदा जाऊन पाहावे. मान खाली घातल्यावाचून आत जाताच येत नाही. आणि नव्या सुनेने उंबऱ्यावरचे माप ओलांडण्याचा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना दार ओलांडताना माणसाचे नाते आणि नाव कसे बदलते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

स्वतःच्या दारापाशी

गीतेच्या पाचव्या अध्यायात देहाला नऊ द्वारांचे नगर म्हटले आहे: दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि देहाची खालची दोन द्वारे. चिंतनासाठी या नऊंपैकी एकच निवडावे. सुरुवातीला तोंडाचे दार घेणे मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण त्यातून आत आणि बाहेर दोन्हीकडे वाहतूक चालते आणि तिचा हिशेब ठेवता येतो.

संध्याकाळी शांत जागी बसून दिवसभरातील एखादा प्रसंग आठवावा, ज्यात आपण बोलून गेलो. मग गडावरील दारापाशी विचारलेले प्रश्न त्या प्रसंगाला विचारावे. बोलण्याआधी मी थांबलो होतो का? कोणता अहंकार किंवा कोणती घाई बाहेर काढून ठेवायला हवी होती? मला अडवणारे आतले कोणी होते का, आणि मी त्याला बाजूला सारले का? समोरच्यापुढे वाकण्याची जागा कोणती होती? उत्तर लिहून ठेवावे, पण एका प्रसंगाचे चार ओळींहून अधिक लिहू नये. लांब लिहिले की समर्थन सुरू होते. बोआझ आणि जाकिन यांचा उपयोग येथेच होतो. आपल्या शब्दात जोर होता पण तो टिकला नाही, की तो टिकाऊ होता पण सांगण्याचे बळ नव्हते, एवढे तपासले तरी पुष्कळ झाले. ज्या दिवशी लक्ष लागत नाही, त्या दिवशी डोळे मिटून तेली मंदिराची चौकट पायथ्यापासून माथ्यापर्यंत मनात उभी करावी: नदी, वेल, मिथुन, गरुड, आणि मग आतला काळोख. मेसन आपली वाट वळणाच्या जिन्याच्या पायऱ्यांनी मोजतात, तीन, पाच आणि सात अशा टप्प्यांनी. ज्याला संख्येचा आधार लागतो त्याने श्वास त्या क्रमाने मोजायला हरकत नाही.

ज्यांनी एखाद्या गुरूकडून अनुग्रह घेतलेला आहे, त्यांनी आपल्या नित्यनेमाच्या जागी हे चिंतन ठेवू नये; ते नेमानंतर करावे. आणि परिचयात कोणी फ्रीमेसन असतील तर त्यांना स्तंभांविषयी, दिशांविषयी, पाथरवटांच्या हत्यारांविषयी मोकळेपणाने विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात. परस्परांना ओळखण्याचे शब्द आणि खुणा मात्र विचारू नयेत, कारण ते गुप्त ठेवण्याचे वचन त्यांनी दिलेले असते.