यूकेत सायकॉलॉजीवाले नवीन आलात? मेंबरशिपची घाई करू नका

दर सप्टेंबरला नवी बॅच येते आणि दिवाळीच्या आसपास मेसेज सुरू होतात, "ताई, इंटरनॅशनल असोसिएशनची मेंबर झाले, आता इथे प्रॅक्टिस करता येईल ना?" नाही गं बाई. ही असोसिएशन म्हणजे आयएएपी, अप्लाइड सायकॉलॉजीवाल्यांची जागतिक संघटना. फी भरून मेंबर होणं वेगळं आणि कामाचं रजिस्ट्रेशन वेगळं, एवढं पक्कं डोक्यात बसवा, मग निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

इथे रजिस्ट्रेशन म्हणजे एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांचं रजिस्टर ठेवणारी संस्था), 2009 पासून सायकॉलॉजिस्ट लोक तिच्याकडे आले. क्लिनिकल, कौन्सेलिंग, एज्युकेशनल, फोरेन्सिक, हेल्थ, ऑक्युपेशनल किंवा स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट अशी पाटी तिथे नाव नसताना लावली तर सरळ कायद्याच्या कचाट्यात. गंमत अशी की नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' या शब्दाला संरक्षणच नाही, त्यामुळे कुणाचं कार्ड बघून भारावून जाऊ नका, रजिस्टर ऑनलाइन आहे, नाव टाकून बघा. आणि आपल्या आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नंबर इथे आपोआप चालत नाही, तुमचा कोर्स इथल्या निकषांवर वेगळा तपासला जातो.

म्हणून अजून भारतात असाल तर विमानात बसायच्या आधी एक काम करा. डिपार्टमेंटला जाऊन प्रत्येक पेपरचा सविस्तर सिलॅबस, प्रॅक्टिकम किती तास, कुठल्या हॉस्पिटलात, सुपरव्हिजन कुणाचं, डेझर्टेशनचा विषय हे सगळं लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट घ्या. नुसत्या मार्कशीटवर "पेपर 4: सायकोपॅथॉलॉजी" एवढंच असतं, त्यावरून समोरच्याला काय कळणार? इथून फोन करून हे मिळवायचं म्हणजे क्लार्क रजेवर, मग सर मीटिंगमध्ये, मग परीक्षा, मग सुट्ट्या.

बीपीएस म्हणजे ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी, 1901 ची. तिचं जीबीसी (ग्रॅज्युएट बेसिस फॉर चार्टर्ड मेंबरशिप, म्हणजे तुमची डिग्री तिच्या निकषांत बसते अशी मान्यता) मात्र लवकर मिळवा, क्लिनिकल डॉक्टरेटला ते लागतंच आणि असिस्टंट सायकॉलॉजिस्टच्या जाहिरातींतही बरेचदा मागतात. डिग्री बसत नसेल तर कन्व्हर्जन कोर्स करावा लागतो, खर्चिक आहे, पण मी तरी तोच करा म्हणेन. असिस्टंटच्या जागा एनएचएसमध्ये (इथली सरकारी आरोग्यसेवा) बहुतेक बँड 4 या पगारश्रेणीच्या असतात आणि अर्जांचा एवढा पाऊस पडतो की शेवटच्या तारखेआधीच जाहिरात बंद होते, तेव्हा वीकेंडला निवांत भरू असं म्हणू नका.

आता त्या आयएएपीबद्दल. 1920 ला जिनिव्हात एदुआर क्लापारेद यांनी सुरू केली, तेव्हा नावात 'सायकोटेक्निक्स' होतं, आत्ताचं नाव 1955 चं. हिची मेंबरशिप वैयक्तिक मिळते, विद्यार्थ्यांनाही. अठरा डिव्हिजन आहेत, अगदी ट्रॅफिक सायकॉलॉजीचीसुद्धा (पुण्याच्या चौकात वाढलेल्यांना रिसर्चला विषयच विषय). ऑर्गनायझेशनल किंवा असेसमेंटवाले असाल, पेपर लिहायचाय, बाहेरच्या देशात कोलॅबोरेटर हवाय, तर जरूर घ्या. क्लिनिकलवाल्यांनी पहिल्या वर्षी ते पैसे जीबीसीसाठी ठेवावेत, हे माझं स्पष्ट मत.

हिच्यात आणि आययूसायएसमध्ये (इंटरनॅशनल युनियन ऑफ सायकॉलॉजिकल सायन्स) घोळ करू नका. ती 1951 ची, तिथे देशोदेशीच्या राष्ट्रीय संस्था मेंबर असतात, तुम्ही-आम्ही अर्ज करून मेंबर होत नाही. नीतितत्त्वांचा जो जागतिक जाहीरनामा आहे ना, 2008 चा, तो या दोघींनी मान्य केलाय, इंटरव्ह्यूच्या आधी वाचून ठेवा. जर्मनी-नेदरलँड्सकडे वळायचा विचार असेल तर युरोसाय (सायकॉलॉजिस्टसाठीचं युरोपीय सर्टिफिकेट) बघा, पाच वर्षं युनिव्हर्सिटी आणि वर, एक वर्ष सुपरव्हिजनखाली काम. पण तेही लायसन्स नव्हे, त्या त्या देशाचे नियम वेगळे.

आयएएपीची मोठी काँग्रेस चार वर्षांनी भरते, 2018 ला माँट्रियलला होती. जायचं तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवतानाच व्हिसाचं बघा, काँग्रेस युरोपात असली तर यूकेचा व्हिसा तिथे चालत नाही, भारतीय पासपोर्टवर शेंगेन वेगळा काढावा लागतो आणि उन्हाळ्यात त्याची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.