पूर ओसरताना काठ सांभाळा: उल्हास, काळू, भातसाकाठच्या भातशेतीसाठी सल्ला

२७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पाणी उतरल्यानंतरच्या दिवसांची मात्र बातमी होत नाही आणि काठच्या शेताला खरा धोका तेव्हाच असतो. पूर चढलेला असेपर्यंत नदीचं पाणीच काठाला बाहेरून रेटून धरतं. ते झपाट्याने उतरलं की हा आधार जातो आणि आत मुरलेल्या पाण्याने जड झालेली माती खाली घसरते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तर प्रवाहाने पायथा आधीच पोखरलेला असतो. वर भात हिरवागार, खाली पोकळ! वाळूउपशाने पात्र खोल गेलंय तिथे काठ अजून उभा आणि कच्चा होतो.

म्हणून नदी उतरू लागली की काठापासून आत राहून फेरी मारा. काठाला समांतर जाणारी भेग दिसली, मग ती बोटभर का असेना, की पुढचा पट्टा सुटायला लागला असं समजा. तिथे पॉवर टिलर, गुरं नेऊ नका. वीज बंद करून मोटर मागे घ्या. भेगेत चिकण माती ठोकून भरा आणि वर थोडा उंचवटा ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही.

अडचण अशी की पावसाळ्याच्या शेवटच्या पुरांच्या सुमारास भात निसवतो, म्हणजे लोंब्या बाहेर पडतात, आणि त्याला पाणी लागतं. मागच्या खाचरांत पाणी ठेवा, पण काठालगतच्या शेवटच्या खाचरात ते तुंबवू नका. तिथे चिखल ओला राहिला तरी पुरे. चार दाणे कमी मिळतील, पण खाचर जागेवर राहील. बांध फोडून पाणी थेट काठावरून नदीत सोडण्याची सवय तर मोडाच. त्याने घळ पडते. एकाच जागी, दगड रचून किंवा पाइप टाकून पाणी खालपर्यंत उतरवा.

काठालगतचा पट्टा नांगरू नका, तिथलं गवत-झुडूप राहू द्या. जमिनीत ओल आहे तोवर उतारावर वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने आडव्या ओळीत लावा. मुळं खोल जातात. पायथ्याशी वाळुंज, वर निर्गुडी. दोन्ही फांद्यांवरून येतात. बांबू ऐन कडेला नको. पायथा पोखरला की अख्खं बेट मातीसकट नदीत जातं, तेव्हा तो मागच्या ओळीत लावा. इमारतींचा राडारोडा आणून टाकणाऱ्यांना एवढंच सांगणं की तो पुढच्या पुरात सरकतो आणि प्रवाह शेजाऱ्याच्या काठावर वळवतो.

कल्याणच्या खाली, खाडीच्या बाजूला भरती-ओहोटी रोज काठ खाते. तिथे तिवरं हेच कुंपण, तोडू नका.

आणखी एक काम आजच करून ठेवा. विहीर किंवा विजेचा खांब अशा पक्क्या खुणेपासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि टेपसकट फोटो काढा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर करायची पिकाची नोंद, तीही उरकून घ्या. जमीन वाहून गेलीच तर तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. नदीने पात्र बदलल्यामुळे जमीन गेली, तर आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषांत अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) हेक्टरी ४७,००० रुपये धरले आहेत. किती गुंठे गेले हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागतं.