होडीच्या सांध्यावरचा एपॉक्सी पापुद्र्यासारखा सुटत असेल तर (माझा अनुभव)

आमच्या होडीच्या तळाला सागाच्या दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी झिरपायचं, एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, कडक होणारं रेझिन) लावला की महिन्याभरात अख्खा पापुद्रा निघायचा आणि खाली लाकूड ओलंच. दोनदा वरूनच थर मारला, एकदा पॉलिस्टर रेझिन लावलं, ते तर आणखी लवकर सुटलं. जाम वैतागलो होतो.

शेवटी जे चाललं ते असं: जुनं सगळं खरवडलं, गोड्या पाण्याने धुतलं कारण मीठ ओल धरून ठेवतं, मग सावलीत ३ आठवडे वाळवलं. ८० नंबरचा पॉलिश पेपर, सागात तेल असतं म्हणून अ‍ॅसिटोनने पुसलं, ते उडालं की लगेच नुसता एपॉक्सी ब्रशने, लाकूड पिईल तितका. हार्डनर (एपॉक्सी कडक करणारा दुसरा भाग) डब्यावरच्या प्रमाणातच, अंदाजाने नाही. तो थर चिकट आहे तोवरच नवीन एपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा घालून श्रीखंडाइतका घट्ट करून सांध्यात दाबला, वर ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्यांचं कापड).

आणि माझं आधी चुकत होतं ते इथे, दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर येतो, दमट हवेत जास्तच, तो पाण्याने आणि स्क्रबरने धुवायचा, मग पॉलिश पेपर, मगच पुढचा थर. शेवटी पेंट मारायचाच, उन्हात उघडा एपॉक्सी टिकत नाही. अख्खा सीझन झाला, सांधा कोरडा आहे.