लोह आणि हालचाल तपासताना या चुका टाळा: मर रोगाच्या जिवाणूवर काम करणाऱ्यांसाठी

कडोलीकडच्या एका मळ्यात टोमॅटोला मर लागली होती. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी मान टाकून उभं. "ताई, पान पिवळंबी पडलं नाही बघा, हिरवंच वाळायलंय," मळ्याचे काका सांगत होते. खोडाचा चार बोटं तुकडा कापून पाण्याच्या ग्लासात टांगला, तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरायला लागले. ते धागे म्हणजे राल्स्टोनिया, मर आणणारा जिवाणू, स्वतःच बनवलेल्या चिकट पदार्थात गुंडाळलेला.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आमच्याकडे येणारी एम.एस्सी.ची मुलं पुष्कळदा हाच जिवाणू प्रोजेक्टला घेतात. एखादं रोगकारक जनुक बंद करायचं आणि जिवाणूचं लोह मिळवणं आणि पोहणं किती बदलतं ते मोजायचं. काम सुंदर आहे. पण निकाल फसतो तेव्हा दोष जनुकात कमी आणि हाताळणीत जास्त असतो.

सगळ्यात महागात पडते ती जुनी कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू). राल्स्टोनियात पीएचसीए नावाचं एक जनुक आहे. जिवाणूंची गर्दी वाढली की ते जागं होतं, ईपीएस (तोच चिकट पदार्थ) वाढवतं आणि त्याच वेळी पोहणं आणि सिडेरोफोर (लोह पकडून आणणारा रेणू) दोन्ही दाबून ठेवतं. म्हणजे तुम्ही जे दोन गुण मोजणार, त्या दोघांची दोरी एकाच हातात. आता हीच कल्चर प्लेटवरून प्लेटवर नेत राहिलात, किंवा ब्रॉथ (द्रव माध्यम) न हलवता दिवसेंदिवस ठेवलात, की पीएचसीए बिघडलेले जिवाणू आपोआप वरचढ होतात. एका मुलीच्या मूळ स्ट्रेननं (जनुक न बदललेला जिवाणू) म्यूटंटपेक्षा (जनुक बंद केलेला) सिडेरोफोरचं मोठं नारिंगी वलय दिलं आणि पोहण्यातही तोच पुढे. तीन आठवडे ती जनुकाचा अर्थ लावत बसली होती. शेवटी टीझेडसी अगारवर (टेट्राझोलियम क्लोराइड घातलेलं घट्ट माध्यम) पसरवून बघितलं. केलमन यांनी १९५४ मध्ये दाखवल्याप्रमाणे खरी मूळ वसाहत पसरट, ओघळती, पांढरी आणि मधोमध गुलाबी दिसते. तिच्या प्लेटवर होत्या लहान, गोल, गडद लाल वसाहती. तिचा कंट्रोलच, म्हणजे तुलनेचा मूळ स्ट्रेनच, बदललेला होता! मला त्या पोरीचे तीन आठवडे आजही सलतात, कारण टीझेडसीच्या एका प्लेटचं काम होतं ते.

म्हणून मूळ साठा उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये ठेवा. फ्रीझर नसेल तर निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्यात, खोलीच्या तापमानाला ठेवा. हा जिवाणू तिथे दीर्घकाळ टिकतो. प्रत्येक प्रयोग साठ्यापासून सुरू करा आणि त्याच दिवशी टीझेडसीवर रेघ ओढा.

आता लोह. खानापूरकडची तांबडी माती हातात घेतली की लोहाचा रंग बोटांना लागतो, पण ते फेरिक ऑक्साइडच्या रूपात असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जिवाणू लोहाच्या ढिगावर बसून उपाशी, म्हणून तर त्याला सिडेरोफोर सोडावा लागतो. फ्लास्कमध्ये उलटं घडतं. थोडं जरी विरघळलेलं लोह मिळालं तरी फर नावाचं प्रथिन त्याला धरून सिडेरोफोरची जनुकं बंद करतं. न्यूट्रिएंट ब्रॉथ किंवा एलबी अशा लोह असलेल्या सकस माध्यमात वाढवून "सिडेरोफोर नाही" असं लिहिलेले कितीतरी रिपोर्ट मी बघितलेत. मिनिमल माध्यम (मोजकेच घटक, लोह न घातलेलं) घ्या. काचसामान ६ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुऊन डीआयोनाइज्ड पाण्यात वारंवार खळबळा. बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला तर नकोच.

श्विन आणि नीलँड्स यांनी १९८७ मध्ये दिलेल्या सीएएस या सिडेरोफोर ओळखायच्या पद्धतीत निळ्या रंगातलं लोह सिडेरोफोरनं ओढून घेतलं की नारिंगी वलय दिसतं. इथे फॉस्फेट जास्त झालं तर तेही लोहाला धरतं आणि निळा रंगच नीट येत नाही. म्हणून बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पाइप्स नावाच्या रसायनाचा. पाइप्स विरघळत नाही म्हणून मुलं घाबरतात. सोडियम हायड्रॉक्साइड थोडं थोडं घालत पीएच सातच्या जवळ नेला की विरघळतो. आणि फेरिक क्लोराइड घातलेल्या माध्यमात वाढवलेली एक कल्चर शेजारी हवीच. तिथेही सिडेरोफोर तितकाच आला, तर फरक लोहाच्या नियंत्रणाचा आहे असं म्हणता येत नाही.

पोहण्याच्या प्लेटला ०.३ टक्के अगार पुरे. टोचणी अगारच्या आत जायला हवी, पृष्ठभागावर थेंब नको, आणि प्लेट उलटी ठेवायची नाही. बेळगावच्या जुलैत आणि एप्रिलमध्ये अर्ध्या तासात प्लेट एकसारखी सुकत नाही, म्हणून मूळ स्ट्रेन आणि म्यूटंट एकाच प्लेटवर टोचा. रात्रभर वाढून दाट झालेली कल्चर घेऊ नका; राल्स्टोनिया मधल्या घनतेला जास्त पोहतो. जोरात व्होर्टेक्स केलं (यंत्रावर घुसळलं) तर फ्लाजेला, म्हणजे पोहण्याच्या शेपट्या, तुटतात. वलय लहान आलं तर आधी वाढीचा आलेख बघा, कारण हळू वाढणारा म्यूटंटही लहानच वलय देतो. जनुक परत घातल्यावर वलय मूळपदावर आलं, तरच दोष त्या जनुकाचा.

कुंडीतल्या चाचणीत वेगळाच घोटाळा होतो. फ्लाजेलिनचं (फ्लाजेला ज्याचा बनतो ते प्रथिन) जनुक बंद केलेला म्यूटंट सरळ खोडात टोचला तर झाड मूळ स्ट्रेनसारखंच मरतं, आणि मुलं लिहितात, "हालचालीचा रोगाशी संबंध नाही." २००१ मध्ये टोमॅटोवर नेमकी ही तुलना झाली होती: खोडात टोचल्यावर फरक नाही, पण मुळं न दुखावता मातीत ओतल्यावर म्यूटंटची रोग करण्याची ताकद बरीच घटली. पोहणं लागतं ते मुळापर्यंत पोचायला आणि आत शिरायला. सिडेरोफोरचंही तसंच: २००४ च्या अभ्यासात तो न बनवणारा म्यूटंटही टोमॅटोला मर आणत होता, कारण झाडाच्या झायलम (पाणी वर नेणाऱ्या नळ्या) रसात लोह पुरेसं असतं. तेव्हा कुंड्या दोन गटांत लावा, एक खोडात टोचून, दुसरा मातीत ओतून, आणि दुसऱ्या गटाच्या मुळांना खुरप्याचा धक्काही लागू देऊ नका.