कोहळं, संत्र्याची साल आणि जवस घालून डेव्हिल्ड अंडी

दसरा उलटला की नागपूरच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री दिसू लागतात आणि कोहळं म्हणजे लाल भोपळाही चांगला पिकलेला मिळतो. डेव्हिल्ड अंडी म्हणजे उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या अर्ध्या वाटीत बलकाचं मसालेदार सारण भरलेली अंडी. त्यांना या ऋतूची चव द्यायला या दोन गोष्टी, भिवापुरी तिखट आणि जवस एवढं पुरतं. खालचं प्रमाण सहा अंड्यांचं, म्हणजे अंड्याच्या अशा बारा वाट्यांचं आहे.

अंडी आठवडाभर जुनी घ्या. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटतो, सोलताना खड्डे पडतात आणि वाटीचा आकार जातो. फ्रिजमधली अंडी वीस मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर गरम पाण्यात तडकतात. पाणी खळखळलं की झाऱ्याने एकेक सोडा आणि मध्यम आचेवर अकरा मिनिटं उकळा. पहिली दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने गोल फिरवत राहिलात तर बलक मधोमध बसतो. मग लगेच बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. जास्त उकळलं किंवा उशिरा गार केलं, तर बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधक एकत्र येऊन हिरवट कडं धरतं. ते खायला चालतं, पण सारणाचा केशरी रंग मळकट होतो.

खरी मेहनत कोहळ्याची आहे. दोनशे ग्रॅम फोडी कुकरच्या भांड्यात पाणी न घालता एका शिट्टीवर वाफवा, ठेचा आणि कढईत चमचाभर तुपावर मंद आचेवर परता. कालथ्याने मधून रेघ ओढली आणि ती भरून आली नाही, की झालं. सहा-सात मिनिटं लागतात, कोहळं पाणचट असेल तर जास्तही. इथे घाई नको, कारण उरलेलं पाणी नंतर सारणातून सुटतं आणि अर्ध्या तासात वाट्या ताटात घसरू लागतात. पूर्ण गार झाल्यावरच वापरा.

मोहरी बाटलीतली नको, फेसलेलीच घ्या. अर्धा चमचा मोहरीची डाळ चमचाभर गार पाण्यात नाकात झिणझिण्या येईपर्यंत फेसा. गरम पाण्याने झणका मरतो.

अंडी सोलून उभी कापा. सुरी दर वेळी ओल्या कापडाने पुसली तर कडा स्वच्छ राहतात. बलक बारीक गाळणीतून दाबून काढा, काट्याने ठेचलेला कधीच इतका मऊ होत नाही. त्यात तीन मोठे चमचे कोहळं, दोन मोठे चमचे मेयोनीज, फेसलेली मोहरी, अर्धा चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा भिवापुरी तिखट, पाव चमचा मीठ आणि पाव चमचा किसलेली संत्र्याची साल घाला. बाजारातलं बिनअंड्याचं मेयोनीज बहुधा गोडसर असतं, कोहळंही गोड. लिंबू आणि मोहरी कमी पडली तर पदार्थ मिठाईकडे झुकतो. कोहळं चार चमच्यांच्या वर नेलं तर अंड्याची चव हरवते.

साल सोलण्याआधी, अख्ख्या संत्र्यावरच किसा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही. फक्त वरचा रंगीत थर घ्या, खालचा पांढरा कडू असतो. रस मात्र अजिबात नको, सारण पातळ होतं.

सारण दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरून कोपरा कापा आणि वाट्यांत पिळा. वरून भाजून भरड केलेले जवस आणि चिरलेला सांभार म्हणजे कोथिंबीर. जवस अगदी वाढतानाच भुरभुरा, ओलावा लागला की ते बुळबुळीत होतात आणि कुरकुरीतपणा जातो. सावजी मसाला घालायचा असेल तर चिमूटभरच, कारण त्यापुढे संत्र्याचा वास टिकत नाही.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर पांढऱ्या वाट्या आणि सारण वेगवेगळ्या डब्यांत झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस चांगलं राहतं. भरलेली अंडी बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, आणि ऑक्टोबरच्या उन्हाळी दुपारी तर एक तासच.