सर्दीचा काढा जितका कडक तितका गुणकारी? या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं. "घरचंच हाय की मॅडम, त्यानं काय हुतंय?" आम्ही कोल्हापूरकडची माणसं, तिखटाला जसा हात सैल तसाच औषधालाही. चार मिरी सांगितली की चमचाभर जाते, आल्याचा तुकडा सांगितला की अख्खा गड्डा.

मला घरगुती उपायांचं वावडं नाही. बी.फार्म. झालेली असले तरी सर्दी झाली की आधी आलंच ठेचते, गोळीचं नंतर बघते. पण काउंटरच्या या बाजूला उभं राहून त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय.

आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या. सर्दी देणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, सात ते दहा दिवसांत माणूस बरा होतो, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. हा प्रवास काढा घेतला तरी तेवढाच आणि नाही घेतला तरी साधारण तेवढाच. म्हणून तिसऱ्या दिवशी सुरू केलेल्या कुठल्याही उपायाला पाचव्या दिवशी यश येतं, आणि व्हॉट्सॲपवर तो 'रामबाण' होतो. काढा, हळद, मध, रस्सा यांतलं काहीही विषाणूला मारतं असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. घसा निवतो, नाक सुटतं, झोप लागते, एवढं मात्र नक्की. ते थोडं नाही.

काढा कडक करत जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. काढ्याचा बराचसा गुण त्याच्या गरमपणात आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या सर्दी-संशोधन केंद्रानं २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांवर तेच फळांचं सरबत गरम आणि साधं अशा दोन्ही तऱ्हांनी देऊन पाहिलं. साध्या सरबतानं नाक गळणं, शिंका, खोकला यांत थोडा आराम पडला. गरम सरबतानं त्यासोबत घशाची खवखव, थंडी वाजणं आणि थकवाही कमी झाला. मजा म्हणजे नाकातून जाणारी हवा मोजली तर ती वाढलेली नव्हती. आराम खरा होता, नाक होतं तेवढंच चोंदलेलं होतं. त्या सरबतात ना सुंठ होती ना मिरी.

मग मसाला कशाला? तिखट पदार्थांनी लाळ सुटते, नाक वाहतं, घट्ट शेंबूड पातळ होतो. आल्यातलं जिंजेरॉल वाळताना शोगाओल होतं आणि ते जास्त झणझणीत असतं, म्हणून सुंठ आल्यापेक्षा कमी घ्यायची. एवढ्यासाठी चिमूटभर पुरते. २०२० च्या मार्चमध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितला होता. लोकांनी तो चहासारखा दिवसभर प्यायला, आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडं पित्ताच्या गोळ्या आणि तोंड आल्यावर लावायचं जेल किती खपलं ते विचारू नका.

पण तोंड येणं ही साधी गोष्ट. खरा किस्सा पुढचा आहे.

आमचे एक नेहमीचे काका, एस.टी.तून निवृत्त झालेले. बीपीची गोळी चालू, त्यातच लघवीवाटे पाणी काढणारं औषध मिसळलेलं. एका पावसाळ्यात खोकला धरला. काकांनी कुठूनशी कृती मिळवली आणि तीत 'सुधारणा' केली: काष्ठौषधीच्या दुकानातून पिशवीभर ज्येष्ठमध आणलं, मूठभर रोज उकळायचं आणि थर्मास भरून ठेवायचा. खोकला गेला, थर्मास राहिला. गोड लागतं म्हणे. पुढं-पुढं काका आले की बाकावर बसायला लागले. चपला घट्ट होतात, पायात गोळे येतात, जिना चढवत नाही. डॉक्टरांनी बीपी वाढलेलं बघून गोळीची ताकद वाढवली. ती चिठ्ठी घेऊन आले तेव्हा थर्मास काखेत होता.

"काका, यात काय?"

"काढा. घरचा. साखर न्हाई त्यात."

ज्येष्ठमधाचा गोडवा ज्या ग्लायसिरायझिनमुळं येतो, ते मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. तो विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला तिथं गप्प बसवतो. तो अडला की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. म्हणजे पाय सुजतात, बीपी चढतं, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. त्यात पाणी काढणाऱ्या बहुतेक गोळ्याही पोटॅशियम घालवतात, म्हणजे दोन्हीकडून गळती. युरोपात ग्लायसिरायझिन रोज १०० मिलिग्रॅमच्या वर नको असा सल्ला आहे, आणि दोन-तीन ग्रॅम मुळीतही तेवढं भरू शकतं. काका तर मूठभर उकळत होते.

मी त्यांना नवीन गोळी न देता डॉक्टरांकडं परत पाठवलं, चिठ्ठीच्या मागं 'ज्येष्ठमध' लिहून. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली. थर्मास बंद झाला, काही आठवड्यांनी बीपी जुन्या गोळीवरच जागेवर आलं. काका अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत.

घसा खवखवत असेल तर ज्येष्ठमधाची काडी दोन-चार दिवस चघळा, कोण नको म्हणतंय? बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदर असाल, तर तीही नको.

गुळवेलीचं तसंच. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की वेल नेमकी कोणती होती ते तपासलेलंच नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात. ठीक आहे. मग कुंपणावरची वेल तोडून उकळणाऱ्याला ती कशी ओळखू येणार? वैद्य ओळखून, वजन करून, प्रकृती बघून देतो. वैद्यांबद्दल माझी तक्रार नाही, स्वतःच वैद्य झालेल्यांबद्दल आहे.

माझा काढा असा: दोन कप पाणी, अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून, चार मिरी, तुळशीची सात-आठ पानं, गवती चहाची दोन पाती. दीड कप राहीपर्यंत उकळायचं, गूळ घालून दोन वेळा. चार-पाच दिवस, मग बंद. लिंबू हवं तर उतरवल्यावर पिळायचं, कारण उकळलं की क जीवनसत्त्व जातं. तसंही सर्दी झाल्यावर क जीवनसत्त्व सुरू करून उपयोग होत नाही. जे रोज गोळ्या घेतात त्यांची सर्दी किंचित लवकर आटोपते, मोठ्यांत साधारण आठ टक्क्यांनी. म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस.

तान्ह्याला मध

इथं मी आवाज चढवते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटानं चाटवायचा नाही, बाळगुटीत नाही, तुळशीच्या रसात नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बाळ मलूल होतं, शी होत नाही, रडणं क्षीण होतं, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. घरी उकळून हे बीजाणू मरत नाहीत आणि 'आमच्या ओळखीच्या धनगराकडचा अस्सल मध' असला तरी फरक पडत नाही. "आम्ही नाही का वाढलो?" असं आजी म्हणतात. त्या वाढल्या, म्हणून तर म्हणायला आहेत.

वर्षाच्या पुढं मात्र मध हा या यादीतला माझा सगळ्यात लाडका उपाय, कारण त्याच्या पाठीशी माणसांवरचे प्रयोग आहेत. २००७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांना झोपायच्या आधी अर्धा तास एक डोस मध, नेहमीचं खोकल्याचं औषध किंवा काहीच नाही असं देऊन पाहिलं. रात्रीचा खोकला आणि झोप यांत पालकांना मध सरस वाटला. इस्रायलमधल्या ३०० मुलांवरच्या २०१२ च्या प्रयोगातही मधच पुढं राहिला. अर्धा ते एक चमचा, रात्री, कोमट पाण्यात किंवा नुसता. दर तासाला नव्हे.

आणि कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधू नका. कापराचा लहानसा तुकडा गिळला तरी बाळाला आकडी येऊ शकते.

वाफेचं पातेलं जमिनीवर

कोरोनात वाफ घ्यायची सवय लागली ती गेलीच नाही. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका वहिनींनी सर्दी झालेल्या तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेतलं, समोर चटईवर उकळत्या पाण्याचं पातेलं, दोघांवर चादर. अंधारात पोर घाबरलं, पाय झाडला. भाजलेल्या मांडीवर घरच्यांनी टूथपेस्ट लावली आणि मग माझ्याकडं मलम मागायला आले. मी मलम दिलं नाही, रिक्षा बोलावली. पोर बरं झालं, डाग राहिला.

६० अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाला पाच सेकंदांत खोल भाजतं, मुलांना त्याहून लवकर. हे सगळं कशासाठी? वाफेवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तर सर्दीत तिचा ठाम फायदा दिसत नाही. घेताना बरं वाटतं, इतकंच. मोठ्यांनी घ्यायची तर टेबलावर, पातेलं आचेवरून उतरवून दोन मिनिटं थांबून, निलगिरी-बिलगिरी न ओतता. मुलांना अजिबात नाही. त्यांच्या नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला, तेवढं पुरतं. आणि भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट दातांना.

बामच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं तेही मेंथॉलनं गारव्याच्या मज्जातंतूंना चाळवल्यामुळं. वाट आतून होती तशीच अरुंद राहते. नाकपुडीच्या आत बाम भरणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

हळदीचं दूध, रस्सा आणि राहिलेलं

हळदीतलं गुणकारी मानलं जाणारं करक्युमिन तिच्यात साधारण तीन टक्के, त्यातलंही आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिरीतलं पायपरीन सोबत दिलं तर हे प्रमाण सुमारे वीस पट वाढतं. पण त्यांनी दोन ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं होतं, तुमच्या कपात पन्नास मिलिग्रॅमही नसतं. म्हणून मिरी आणि थोडं तूप घाला, रात्री गरम प्या, झोप लागेल. चमचा-चमचा हळद ढकलून पोट बिघडवू नका. आणि दुधानं कफ वाढतो म्हणून ते बंद करू नका. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये १९९० साली ६० जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन पाहिलं, दूध जास्त पिणाऱ्यांचा शेंबूड जास्त निघाला नाही.

मटण शिजवलेल्या अळणी पाण्याबद्दल मात्र आमच्याकडच्या बायकांचं बरोबर होतं. आजाऱ्याला तांबडा रस्सा द्यायचा नाही, मसाला पडायच्या आधीचं अळणी द्यायचं. १९७८ साली मायामीत मोजलं तेव्हा गरम चिकन सूपनं नाकातला शेंबूड नुसत्या गरम पाण्यापेक्षा वेगानं पुढं सरकला. नेब्रास्काच्या संशोधकांनी २००० साली काचेच्या भांड्यात दाखवलं की सूपमुळं दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ मंदावते. भांड्यातलं ते भांड्यातलं, पण पाणी, मीठ, प्रथिनं एका वाटीत मिळतात. शाकाहारी घरांत कुळथाचं किंवा मुगाचं कढण. कोकणातले खेकड्याच्या रश्श्याची शपथ घेतात, मला ती चवीसाठी मान्य आहे.

लसूण अख्खा गिळू नका. ठेचल्याशिवाय त्यातलं ॲलिसिन तयारच होत नाही, दहा मिनिटं ठेचून ठेवा. तेलात कढवून कानात तर मुळीच नाही.

गुळण्यांना ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. हळद घातली तर बेसिन पिवळं होतं, बाकी काही नाही.

जलनेती करायची तर उकळून गार केलेल्या पाण्यानंच. नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन माणसं दगावली आहेत.

दालचिनी स्वस्तातली जाड सालीची असेल तर रोज नको, तिच्यातलं कुमारिन यकृताला जड.

ताप तीन दिवसांच्या वर टिकला, दम लागला, छातीत दुखलं, कानातून पू आला, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या, तर काढा ठेवा बाजूला आणि दवाखाना गाठा.

आणि तिसऱ्या दिवशी धीर सुटून "ते पाच दिवसांचं स्ट्राँगवालं द्या" म्हणत येणाऱ्यांसाठी: प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. चिठ्ठीशिवाय मी देत नाही. पलीकडच्या दुकानात मिळतं, हे मला सांगायची गरज नाही, ठाऊक आहे.