लेकरांना तरफ शिकवायचीय? पहार काढा

पुस्तकातली तरफ डोक्यावरून जात असेल तर लेकरांना सरळ बांधावर न्या. आपल्या मराठवाड्यात धोंड्यांना काय तोटा! पाच फुटी पहारीचं टोक मोठ्या धोंड्याखाली खुपसा आणि टोकापासून 1 फुटावर टेकू म्हणून लहान दगड ठेवा. 4 फूट दांडा लेकराकडे राहतो. टोकावर 80 किलोचा भार असला तरी साधारण 20 किलोच्या जोरात तो उचलतो. मग टेकू मधोमध सरकवा आणि पुन्हा दाबायला सांगा. चेहरे बघण्यासारखे होतात!

फुकट काही मिळत नाही, हेही तिथंच दाखवा: धोंडा 1 इंच उचलायला हात 4 इंच खाली जातो. पट्टीनं मोजायला लावा. धोंड्याखाली हात-पाय नकोत, आणि उन्हात पहार तापते, म्हणून सकाळीच जा.

घरी आजीचा अडकित्ता आहेच. सांध्याजवळ धरलेली सुपारी चटकन फुटते, टोकाकडची नाही.

विहिरीवरच्या कप्पीत मात्र बरेच जण फसतात. एकाच बसवलेल्या कप्पीनं जोर कमी लागत नाही. फक्त दोर खाली ओढता येतो, म्हणून अंगाचं वजन कामी येतं.